सगळ्या फ्लॉप्या

"सर, चोर सापडलाय. तुम्ही फक्त येऊन कागदावर लिहून द्या."

राहात्याजवळच्या एका दूध संघाचे व्यवस्थापक वाबळे यांचा हा फोन मला नगरच्या दुकानात आला, तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकाचे पोट उघडून बसलो होतो. दूध संघात तीन संगणक होते आणि त्यांची देखभाल माझ्याकडे होती. त्यांपैकी दोहोंना काही आठवड्यांपासून व्हायरस लागत होता. मी जाऊन तो काढीत असे आणि मी नगरला परततो न परततो तोच तो पुन्हा हजर होत असे. फ्लॉपी वाचता येत नसे, दुधाच्या फॅटचे आकडे अर्धवट उमटत, केव्हा केव्हा यंत्र सुरूच होत नसे. तिसऱ्या संगणकाला मात्र काहीही होत नव्हते. गावोगावच्या दूध संकलनाच्या नोंदी त्यावर ठेवल्या जात आणि तो प्रज्ञा पगारे नावाच्या तरुण ऑपरेटर चालवीत.

"दोन मशिनं आजारी अन् तिसरं ठणठणीत," वाबळे म्हणाले. "ठणठणीत कुणाचं, ते बघा की."

शनिवारी संचालक मंडळाची बैठक होती. पगारे मॅडमना कामावरून कमी करण्याचा ठराव तीत यायचा होता आणि त्या ठरावाला जोडण्यासाठी वाबळ्यांना माझ्या सहीचा कागद हवा होता.

हा काळ नव्वदच्या दशकातला आहे. आजच्या वाचकासाठी थोडे विवेचन केले पाहिजे; काही वर्षे शाळेत विज्ञान शिकविल्यामुळे ती सवय मला सोडवत नाही. व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला एक लहानसा प्रोग्रॅम. तो स्वतःच्या प्रती काढतो आणि संधी मिळेल तेथे त्या चिकटवितो. आमच्या भागात तेव्हा इंटरनेट पोहोचलेले नव्हते. हा रोग येई तो फ्लॉपीतून. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी प्लास्टिकची डबी. तिच्या आत फिरणाऱ्या चकतीवर मजकूर साठविला जाई आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेला जाई.

लोकांच्या मनात या रोगाची भीती होती, पण तिला आकार नव्हता. मार्केट यार्डातील एका आडत्याने मला फार गंभीरपणे विचारले होते, "घरात तान्हं बाळ आहे, मशीन बरं होईस्तोवर माडीवर ठेवू का?" दुसऱ्या एका दुकानात मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली. एमआयडीसीतील एका कारखानदाराने फ्लॉपीच्या खाचेला कुलूप बसवून घेतले आणि त्याची किल्ली हरवली. माझ्या सर्व ग्राहकांत त्यांचा संगणक सर्वांत निरोगी होता.

या धंद्यात संशय हेच माझे हत्यार होते. परंतु त्याचा एक क्रम असतो, आणि तो मी नेहमी पाळला. आधी वाटेवर संशय घ्यायचा, मग वस्तूवर, आणि हे सारे संपल्यानंतर माणसावर. वाबळ्यांनी हा क्रम उलटा लावला होता. तरीही त्यांचे म्हणणे मला एकदम उडवून लावता आले नाही, हेही सांगितले पाहिजे. मी स्वच्छ केलेले यंत्र पुन्हा पुन्हा बिघडत होते, म्हणजे कुणीतरी किंवा काहीतरी तेथे रोग पुन्हा आणीत होते.

पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. ज्या फ्लॉपीने मी रोग काढतो तिच्यातच तो नाही ना? दुकानातील एका कोऱ्या यंत्रावर मी ती तपासली. तिच्या कोपऱ्यातील बारीक खिडकी उघडी होती. ती उघडी असली की फ्लॉपीवर काहीही लिहिता येत नाही, आणि जेथे लिहिता येत नाही तेथे रोग शिरू शकत नाही. माझी फ्लॉपी निर्दोष होती. मग मी एसटी पकडली.

संघाच्या फाटकातून आत शिरताच दुधाच्या कॅनचा खणखणाट आणि आंबूस वास आला. पगारे मॅडम संगणकाच्या खोलीत नव्हत्या. कॅन उतरविण्याच्या ओट्यापाशी एका लाकडी टेबलावर त्यांना बसविले होते आणि त्या हाताने नोंदी लिहीत होत्या. कॅन घेऊन आलेली माणसे त्यांच्या टेबलापासून जरा लांबून जात होती. मला ते विचित्र वाटले, पण कारण कळले नाही.

"सर, लिहून देणार तुम्ही?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"काय लिहायचं ते मला अजून ठाऊक नाही."

"वाबळे साहेबांना ठाऊक आहे." त्यांनी एक ओळ पुरी केली. "माझं मशीन बिघडलं असतं तर बरं झालं असतं. निदान मी तुमच्यातली झाले असते."

मी विचारले, "लोक असे लांबून का जातात?"

त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवरील फळ्याकडे बोट दाखविले. तेथे खडूने, सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: 'संघाच्या संगणकात विषाणू आढळल्यामुळे पुढील सूचनेपर्यंत नोंदी हाताने होतील.' वाबळ्यांनी व्हायरस या शब्दाचे शुद्ध मराठी केले होते.

"लोकांनी विष एवढंच वाचलं," मॅडम म्हणाल्या. "त्याच दिवशी मला आतून उठवून इथं बसवलं. मग गावानं दोन्ही जोडलं. पगाऱ्याच्या पोरीनं दुधाच्या मशीनमध्ये विष टाकलं, असं झालंय आता. काल आईला पिठाच्या गिरणीत विचारलं एकीनं."

त्यांचे घर बौद्ध वस्तीतले. शनिवारी काय ठरणार होते त्याची व्याप्ती तेव्हा माझ्या लक्षात आली. नोकरी जाणे ही त्यातली लहान गोष्ट होती. दुधात विष घातले म्हणून काढलेली मुलगी, ही ओळख घेऊन त्यांना त्याच गावात राहायचे होते.

संगणकाच्या खोलीत वाबळे आणि पशुखाद्याच्या गोदामाचे बोठे अण्णा माझी वाटच पाहत होते. एक आजारी यंत्र वाबळ्यांच्या हिशेब विभागाचे आणि दुसरे अण्णांचे. अण्णा साठीला आलेले, पांढरी टोपी, कपाळाला गंध. संगणक त्यांनी मोठ्या जिद्दीने शिकून घेतला होता.

"यांच्या मशीनला काय हुत न्हाई, सर," अण्णा म्हणाले. "साडेसाती आमच्याच मागं. अन् त्यांचं मशीन देवाबिगर चालतंय, तरी ठणठणीत."

"देवाचं इथं काय काढता अण्णा," वाबळे म्हणाले, आणि त्यांनी माझ्यापुढे एक डबा ठेवला. "ह्या मॅडमच्या फ्लॉप्या. तपासा."

मी तपासल्या. सगळ्यांत रोग होता. वाबळ्यांनी अण्णांकडे पाहिले आणि अण्णांनी माझ्याकडे.

"स्वतः पीत नाही, दुसऱ्याला पाजते," वाबळे म्हणाले. "अजून काय पुरावा पाहिजे?"

येथे मला पुन्हा शाळामास्तर व्हावे लागले. या जातीचा व्हायरस फ्लॉपीच्या अगदी पहिल्या पानात बसतो. आजारी यंत्रात घातलेली कोणतीही फ्लॉपी आजारी होते, आणि मॅडमच्या फ्लॉप्या रोज संध्याकाळी आकडे घेऊन हिशेबाच्या यंत्राकडे जात होत्या. म्हणजे त्यांना रोग तेथून लागला असणे शक्य होते. यंत्राला रोग लागतो तो मात्र एकाच क्षणी. संगणक सुरू केला की तो आधी फ्लॉपीच्या खाचेत डोकावतो. तेथे काही असेल तर तिचे पहिले पान वाचून त्याप्रमाणे वागतो. खाच रिकामी असेल तरच तो आपल्या पोटातील डिस्ककडे वळतो. नवे हेडमास्तर शाळेच्या फाटकात जो प्रथम भेटेल त्याचेच ऐकू लागले तर जे होईल, तेच येथे होते. सुरू होताना खाचेत आजारी फ्लॉपी असली की संपले.

"म्हणून विचारतो," मी म्हणालो, "यंत्र सुरू करताना तुम्ही आत फ्लॉपी ठेवता का?"

"छे," वाबळे म्हणाले. "तुम्ही पहिल्यांदाच बजावलंय. कामाची फ्लॉपी काम झालं की डब्यात."

"अण्णा, तुम्ही?"

"कामाची एक बी न्हाई ठेवत. शप्पत."

"मग सगळ्या फ्लॉप्या आणा."

त्यांनी सगळ्या आणल्या. हिशेबाच्या, गोदामाच्या, जुन्या, बाद झालेल्या, एक तर खुर्चीच्या पायाखाली टेकू म्हणून ठेवलेली. मागच्या खेपांनाही हेच झाले होते. मी एकूण एक तपासली, साफ केली, प्रत्येकीवर हिरवी चिठ्ठी चिकटविली आणि दोन्ही यंत्रेही स्वच्छ केली. मग सवयीप्रमाणे, फ्लॉपी वाचणारे डोके पुसण्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून खाचेत फिरविला. वाबळ्यांच्या यंत्रातून बोळा गुलाबी होऊन आला. अण्णांच्या यंत्रातूनही तसाच. पगारे मॅडमच्या यंत्रातून आला तो काळपट धुळीचा.

मी गुलाबी बोळा नाकाशी धरला. कुंकू होते.

ही नोंद मी मनातच ठेवली. दसऱ्याला सगळीकडे संगणकाची पूजा होई, पण दसरा होऊन काही आठवडे लोटले होते, आणि मागच्या खेपेला निघालेले कुंकू दसऱ्याचे समजून मी ही डोकी पुसली होती. एवढ्यात इतके कुंकू पुन्हा आत कसे गेले? आणि तिसऱ्याच यंत्रात का गेले नाही? आणखी एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. मी प्रत्येक वेळी नगरहून एसटीने येत असे, म्हणजे कार्यालय सुरू झाल्यानंतर पोहोचत असे. या खोलीची सकाळ मी कधी पाहिलेलीच नव्हती.

"आज मी राहात्याला मुक्काम करतो," मी वाबळ्यांना म्हणालो. "खोलीला तुमच्या हाताने कुलूप लावा, किल्ली तुमच्याच खिशात ठेवा. पगारे मॅडम उद्या माझं सांगणं येईपर्यंत घरीच राहतील. सकाळी तुम्ही उघडाल तेव्हा मी तुमच्याबरोबर असेन. कुलूपबंद खोलीत रोग आला, तर तो त्यांनी आणलेला नाही एवढं तरी कळेल."

"अन् नाही आला तर?"

"तर मी आणखी शोधीन. तेवढ्यावरून लिहून देणार नाही."

वाबळ्यांना हे आवडले नाही, पण त्यांनी मान डोलावली.

सकाळी त्यांनी माझ्यासमोर कुलूप उघडले. कुणीही आत शिरलेले नव्हते. अण्णा मागोमाग आले, चपला बाहेर काढल्या, कोपऱ्यातील फळीवर असलेल्या गणपतीच्या तसबिरीला हार घातला, उदबत्ती लावली. मग त्यांनी तसबिरीच्या पुढ्यातून एक चौकोनी वस्तू उचलली, तिला हळदकुंकवाचे बोट लावले, कपाळाला टेकविली आणि वाबळ्यांच्या यंत्राच्या खाचेत सरकविली. मगच बटण दाबले.

पडद्यावर रेघेरेघेने गणपती उमटू लागला. आधी मुकुट, मग सोंड, मग मोदक. यंत्राच्या बारक्या भोंग्यातून आरतीची चाल पीं-पीं करीत वाजली. वाबळे हात जोडून उभे होते. चाल संपल्यावर अण्णांनी ती वस्तू काढून आपल्या यंत्रात घातली आणि तेथेही श्रीगणेशा केला. तिसऱ्या यंत्राकडे ते गेले नाहीत.

"तिकडे नाही लावत?" मी विचारले.

"मॅडम नको म्हनत्यात. त्या आपलं मशीन आपल्या हातानं चालू करत्यात, तसंच, कोरडं. आमी बी जबरदस्ती करत न्हाई."

"अण्णा, ही फ्लॉपी तुम्ही मला काल दिली नाहीत."

अण्णा खरोखर गोंधळले. "फ्लॉपी कुठली, सर? तो गणपती हाय."

मला अण्णांचा राग आला नाही. मी 'सगळ्या फ्लॉप्या' म्हणालो होतो आणि त्यांनी सगळ्या आणल्या होत्या. देवापुढची वस्तू वस्तूंच्या मोजणीत धरायची नसते, हे त्यांच्या मनात इतके पक्के होते की लपविण्याचा प्रश्नच नव्हता.

मी दोन्ही यंत्रे तपासली. रात्री कुलपाआड स्वच्छ असलेली ती यंत्रे आता आजारी होती. गणपतीची फ्लॉपी तपासली. रोग तिच्या पहिल्या पानात बसला होता.

वाबळे खुर्चीत बसले. "ही फ्लॉपी चेअरमनदादांच्या पुतण्यानं पुण्याहून आणली," ते हळूच म्हणाले. "दसऱ्याला. सर, हे आपल्यातच राहू द्या. मॅडमना आजच आत बसवतो, ठराव मागं घेतो. विषय संपला."

निरोप पाठवून मी मॅडमना बोलावून घेतले आणि सारे सांगितले. त्या उभ्याउभ्याच ऐकत होत्या.

"ठराव मागं घेतला हे कुणाला कळणार?" त्यांनी वाबळ्यांना विचारले.

"तुम्हाला. मला. सरांना."

"अन् गिरणीत?"

वाबळे खिशातली किल्ली चाचपू लागले.

"माझं नाव कानात घेतलं नव्हतं साहेब. सगळ्यांना कळलं होतं. आता शनिवारी सगळ्यांसमोरच सांगा."

शनिवारी मी सांगितले. संचालक आले होते आणि ही गोष्ट कर्णोपकर्णी गेल्यामुळे दूध घालणारी बरीच माणसेही दारात आणि खिडक्यांत उभी होती. मी अण्णांचे यंत्र स्वच्छ करून दाखविले, गणपतीची फ्लॉपी घालून सुरू केले, चित्र उमटू दिले, मग यंत्र तपासले आणि रोगाची सूचना पडद्यावर आली ती मोठ्याने वाचली.

चेअरमनदादांनी चष्मा वर केला. "म्हणजे गणपतीनं रोग आणला म्हणायचं का मास्तर?"

अण्णांनी टोपी नीट केली. या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून मी एक कोरी फ्लॉपी घेतली. आधी यंत्र पुन्हा स्वच्छ केले आणि मग तिच्यावर गणपतीचे चित्र तेवढे उतरवून घेतले. यंत्र बंद करून, खाच रिकामी ठेवून सुरू केले आणि ते पूर्ण जागे झाल्यावर ही नवी फ्लॉपी घातली. तोच गणपती, तीच चाल. यंत्र तपासले. रोग नव्हता.

"रोग चित्रात नाही, दादा. ज्या फ्लॉपीवर चित्र आलं तिच्या पहिल्या पानात होता. आधी यंत्र जागं करायचं, मग देव आणायचा. एवढंच."

"ती फ्लॉपी आणली कुणी?"

वाबळे कागद चाळू लागले. अण्णा म्हणाले, "दादा, तुमच्याच पुतण्यानं. पर त्याला तरी काय म्हाईत."

खिडकीत कुणीतरी हसले. दादाही किंचित हसले. "मग त्याच्यावर ठराव करायचा का आता?"

"नका करू," दाराशी उभ्या असलेल्या पगारे मॅडम म्हणाल्या. "त्याला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. पण त्याला कुणी ओट्यावर नाही बसवलं."

दादांनी ठरावाचा कागद मागून घेतला, दुमडला आणि आपल्या खिशात ठेवला. मग वाबळ्यांना म्हणाले, "फळ्यावर तुम्ही लिहिलं होतं ना? तिथंच दुरुस्त करा. आत्ता."

आम्ही सगळे बाहेर आलो. वाबळ्यांनी जुनी सूचना पुसली आणि त्याच सुवाच्य अक्षरांत नवी लिहिली: 'संगणकातील विषाणू म्हणजे विष नव्हे. त्याचा दुधाशी संबंध नाही. कु. प्रज्ञा पगारे यांचा यात कोणताही दोष नाही.' ते मागे सरकून समाधानाने पाहू लागले. मलाही ती सूचना निर्दोष वाटली. वाक्ये छोटी, अर्थ स्पष्ट.

पगारे मॅडमनी ती दोनदा वाचली. मग पुढे होऊन त्यांनी डस्टर उचलले आणि शेवटचे वाक्य पुसून टाकले.

"अहो, ते तुमच्यासाठीच लिहिलंय," वाबळे म्हणाले.

"राहू द्या साहेब. येणारा-जाणारा पुढचं काही वाचत नाही, नाव तेवढं वाचतो."

वाबळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मॅडम बरोबर होत्या.

तेवढ्यात सायकलला दोन कॅन अडकवून एक म्हातारे गवळी फाटकातून आले. फळ्यापाशी सायकल थांबवून त्यांनी डोळे बारीक केले, एक एक अक्षर लावीत सूचना वाचली आणि विचारले, "कुनाबद्दल हाय हे?"

"मशीनबद्दल," पगारे मॅडम म्हणाल्या, आणि आपले यंत्र सुरू करायला आत निघून गेल्या.